हाताला न लागणारा रंग

१

गल्लीत तिला सगळे रंगवाल्या वहिनी म्हणत. आपणही वहिनीच म्हणू.

घराच्या मागच्या अंगाला धुण्याची मोरी होती, तोच वहिनींचा कारखाना. कारखाना म्हणजे तीन बादल्या, एका कानाचा टब, मिठाचा डबा, धुण्याच्या सोड्याचा डबा आणि वरच्या फळीवर बरण्यांत रंगाच्या पुडी. शेगडी नाही, उकळणं नाही. थंड पाण्यातला रंग. पूड विरघळवायची, मीठ घालायचं, भिजवलेलं कापड सोडायचं आणि बाळाला पाळण्यात हलवावं तसं हळूहळू हलवत राहायचं. मग सोडा. सोडा पडला की रंग कापडाला धरतो तो कायमचा. नंतर धुवायचं, पाणी निवळ येईपर्यंत.

कापड घेऊन कुणी आलं की वहिनींचा पहिला प्रश्न ठरलेला. "अस्सल आहे ना?"

सुती, लिनन, रेशीम, लोकर, काहीही चालेल. पॉलिस्टर-नायलॉन असेल तर नमस्कार. "मी लाख बुडवीन हो, पण ते जसं आत जाईल तसंच बाहेर येईल. दिसायला अगदी सुतीसारखं असतं, मलाही फसवतं. रंगाला मात्र कळतं."

हातात कोपरापर्यंत पिवळे रबरी मोजे. मागे एकदा सोड्यानं हाताला चिरा पडल्या होत्या, तेव्हापासून मोज्यांशिवाय त्या पाण्याला शिवत नसत. त्यामुळे गंमत अशी की घरात सगळ्यात गोरे हात रंगवालीचे, आणि रंगलेले हात बाकीच्यांचे. मोरीत डोकावणारा रंगल्याशिवाय परत जात नसे. सासूबाईंच्या पदराला कायम कसले तरी ठिपके. सात वर्षांच्या लेकीला, पुढचे दोन दात मोठे म्हणून सगळे खारू म्हणत, तिला तर मोरीत यायची बंदीच होती. आणि नवरा? तो लिफ्ट दुरुस्त करायचा. गेल्या वर्षी हिरव्या टबात त्याचा मोबाइल पडला, त्यानं बेधडक हात घातला, मोबाइल गेला तो गेलाच आणि हात आठ दिवस हिरवा. कामावरचे सोबती त्याला पोपट म्हणायला लागले. तो घरी येऊन चिडायचा, आणि चिडला की जास्तच पोपट दिसायचा.

२

त्या दिवशी सुट्टी होती. एका लॉजच्या सात चादरी निळ्या करायच्या होत्या. सोडा घालून झाला होता, रंग अगदी ऐन जोरात होता.

खारू दारातून वाकून बघत होती आणि तिच्या केसांतली पिन सुटून टबात पडली.

"घ्या! तरी सांगत होते, दारात उभी राहू नकोस."

"अगं, ओरडतेस काय तिला," असं म्हणत नवरा आला. बाही वर सारली, कोपरापर्यंत हात टबात घातला, तळाशी चाचपलं, पिन काढली. हात झटकला. "घ्या खारूताई." आणि बाहेर जाऊन पेपर वाचत बसला.

वहिनी चादरी हलवत राहिल्या. काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं. गॅस बंद केला का? केला. मीठ मोजून घातलं का? घातलं. मग काय?

चादर उलटी करताना त्यांच्या ध्यानात आलं. त्या मोरीच्या दाराशी आल्या आणि उभ्या राहिल्या.

नवरा पेपर धरून बसला होता. पेपराच्या पांढऱ्या कडेवर त्याचा अंगठा होता. स्वच्छ. नखाच्या खाचेतसुद्धा निळं नाही. कोपराला एक निळा थेंब लटकत होता. तो तिथून निसटून फरशीवर पडला आणि मागे ओलही राहिली नाही.

"हाताला काय लावलंय तुम्ही?"

"का?"

"रंग नाही लागला."

त्यानं पेपर खाली ठेवला आणि स्वतःच्या हाताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, दुकानात आपण एखादी वस्तू उलटसुलट करून पाहतो तसं.

"धुतला मी," तो म्हणाला.

घरात त्या वेळी पाणी फक्त मोरीच्या नळाला होतं, आणि त्या नळाशी वहिनी स्वतः उभ्या होत्या.

३

वहिनी काही घाबरट नव्हत्या. त्यांनी स्वतःला समजावलं. लिफ्टचं काम, दिवसभर ग्रीसमध्ये हात. तेलकट हाताला रंग धरत नाही, तेलाचा डाग असलेल्या कापडालाही धरत नाही. झालं. एवढंच.

पण गेल्या वर्षीही तो लिफ्टचंच काम करत होता.

दुपारी तो जेवून आडवा झाला. वहिनींनी बारीक कुंचला निळ्यात बुडवला आणि त्याच्या टाचेला लावला. टाच म्हणजे माणसाची सगळ्यात खरबरीत जागा, तिथे रंग भेगांतून आत शिरतो. इथे तो गोळा झाला. मेणकापडावर पाणी गोळा होतं तसा. टाचेवरून घरंगळला, गादीवर पडला आणि गादीच्या सुती खोळीत मात्र झटकन पसरला.

नवरा हलला नाही. त्याचे डोळे मिटलेलेच होते. पण श्वास मात्र, वहिनींना असं वाटलं, कुणीतरी ऐकतंय हे कळल्यावर सुरू झाला.

त्या मोरीत परत आल्या. त्याच्या कंगव्यातून त्यांनी एक पांढरा केस काढला, एक स्वतःचा तसाच पांढरा उपटला. एका वाटीत त्याचा, एका वाटीत स्वतःचा, तिसरीत नायलॉनचा दोरा. तिन्हींत तोच रंग, तेवढाच सोडा. चार तास त्या दुसरी कामं करत राहिल्या आणि वाट्यांकडे बघायचं टाळत राहिल्या. मग धुऊन बघितलं. त्यांचा केस फिकट निळा झाला होता. दोरा पांढरा होता. त्याचा केसही पांढरा होता.

दोन महिन्यांपूर्वी तो एका उंच इमारतीच्या लिफ्टचं काम करायला आठ दिवस बाहेरगावी गेला होता. परत आल्यापासून त्याचं घोरणं थांबलं होतं. वहिनींना तेव्हा केवढं बरं वाटलं होतं.

४

हे सांगायचं कुणाला? सासूबाईंना सांगण्यासारखं नातं नव्हतं. सासूबाईंची जीभ म्हणजे कात्री. अकरा वर्षं त्या सुनेच्या हातचा चहा पीत होत्या आणि अकरा वर्षं त्यात काहीतरी कमी होतं. पण घरात मोठं माणूस तेच, आणि मुलगा त्यांचा.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"हाताला रंग लागला नाही म्हणून नवरा खोटा? अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? दिवसभर त्या पुडीच्या वासात बसायचं, मग दुसरं काय होणार!"

"आई, केससुद्धा..."

"गप. बघू तो तुझा रंग." त्या तरातरा मोरीत गेल्या आणि उजव्या हाताची तर्जनी टबात घातली. बाहेर काढून सुनेच्या नाकासमोर धरली. बोट निळंशार झालं होतं. "झालं समाधान? मी खरी निघाले एकदाची. आणि तो माझ्या पोटचा आहे. आता त्यालाच विचारते मी."

"नका विचारू, आई. पाया पडते."

पण ऐकतील तर त्या सासूबाई कसल्या? जेवायला बसल्यावर पहिला घास घ्यायच्या आत त्यांनी काढलंच. "काय रे, तुझी बायको म्हणते तुला रंगच लागत नाही. लहानपणी चिखलानं भरून यायचास तेव्हा सांगायला हवं होतं मला, एवढी आंघोळ नसती घातली."

खारू फिदीफिदी हसली. नवराही हसला. हसता हसता त्याची नजर आईच्या बोटावर गेली आणि तिथेच थांबली.

"तुझा बसला वाटतं, आई?"

"बसणार नाही तर काय!"

तो पुन्हा जेवायला लागला. थोड्या वेळानं म्हणाला, "उद्या तुझे डोळे तपासून आणू या. किती दिवस म्हणतेयस."

सासूबाई वर्षभर म्हणत होत्या. त्यांचा चेहरा फुलला. "बघ," त्या सुनेला म्हणाल्या, "असा असतो पोटचा."

खारूनं हट्ट धरला, शाळा बुडवून मीपण येणार. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं मिळून गेले. वहिनींना सोबत जायचं होतं, पण चादरी टबात होत्या, आणि त्यांना जाऊ नका म्हणायला कारण सापडत नव्हतं.

५

तिघं परत आले तेव्हा दुपार झाली होती. वहिनी दारातच उभ्या होत्या.

"दमलीस ना गं बाळा?" सासूबाई सुनेला म्हणाल्या. "बस तू. चहा मी करते."

वहिनी खरंच बसल्या. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत राहिला, एकसारखा, घाईही नाही आणि आदळआपटही नाही. मग सासूबाई कप घेऊन आल्या. कप पुढे करणारं बोट, उजव्या हाताची तर्जनी, स्वच्छ होतं. कालचा रंग गेला होता. नखाच्या कडेला जो रंग आठ दिवस निघत नाही, तो.

"डोळ्यांचं काय म्हणाले?"

"छान आहेत म्हणाले. सगळं दिसतं."

चहा वहिनींना आवडतो तस्सा होता. आणि लाजिरवाणी गोष्ट सांगायची तर त्यांनी तो संपवला. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या घरात कुणीतरी त्यांना बस म्हणालं होतं. क्षणभर त्यांच्या मनात आलं, असू दे. असंच असू दे. कुणाचं काय बिघडतंय?

मग खारू मागून येऊन गळ्यात पडली. वहिनींचं अंग ताठ झालं.

खारूही त्यांच्याबरोबर गेली होती.

"आई, काय झालं?"

"काही नाही. तुझ्या हरवलेल्या बाहुलीचं नाव काय होतं गं?"

"राणीसरकार. का?"

उत्तर बरोबर होतं. नवऱ्याचीही सगळी उत्तरं बरोबर असत. वहिनींनी लेकीच्या केसांत नाक खुपसलं. खोबरेल, घाम, पेन्सिलीचा भुगा. आईला काय, वासावरून कळायला हवं. त्या हुंगत राहिल्या, आणि जितकं हुंगत गेल्या तितकं कळेनासं झालं.

६

रात्रभर त्यांनी ठरवलं की नाही करायचं. दुसऱ्या दिवशी नवरा कामावर गेला, खारू शाळेतून आली, सासूबाई पलंगावर पडल्या, आणि वहिनी लेकीला म्हणाल्या, "चल, आज तुला मोरीत नेते."

खारूचा विश्वासच बसेना. वहिनींनी दार लोटलं. नवीन रंग कालवला, गडद निळा, मीठ, सोडा. मग पिवळे मोजे उतरवले.

"आपण दोघी एकदम उजवा हात बुडवायचा. शंभर होईपर्यंत काढायचा नाही."

"तू रागावणार नाहीस?"

"नाही."

एक मोठा हात आणि एक छोटा, मनगटापर्यंत. पाणी गार होतं. खारू मोठमोठ्यानं मोजायला लागली. पन्नासाला तिचं नाक खाजलं, ते तिनं आईच्या खांद्यावर घासलं. एकोणसत्तरनंतर ती नेहमीसारखी अडखळली, सत्तरी सगळी गाळून एकदम ऐंशीवर गेली. शंभर.

त्यांनी दोन्ही हात नळाखाली धरले. पाणी निळं आलं, मग फिकं, मग निवळ. आणि हात? मोठा हात निळा होता. छोटा हातही निळा होता. तळव्याची रेघ न् रेघ, नखं, बोटांमधली कातडी, सगळं.

वहिनी ओल्या फरशीवर मटकन बसल्या. त्या हसत होत्या का रडत होत्या हे त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं. तो निळा हात त्यांनी गालाला लावला, कपाळाला लावला, पाप्यांवर पापे घेतले.

"आई, गुदगुल्या होतात!"

"अगं बाई," दारातून आवाज आला. "हिचा बसला वाटतं."

दार कधी उघडलं कळलं नाही. सासूबाई उभ्या होत्या. चेहऱ्यावर माया होती. त्यांनी छोटा हात पाहिला, मग मोठा.

"तुझाही," त्या म्हणाल्या. "बरं झालं बाई, कळलं."

आणि दार पुन्हा होतं तसं लोटून निघून गेल्या.

तेव्हा कुठे वहिनींना कळलं की आपण काय केलं. सासूबाईंच्या बोटाचं काय झालं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि तरीही, केवळ स्वतःच्या मनाच्या शांतीसाठी, त्यांनी लेकीला खूण करून ठेवली होती.

७

त्यांनी ब्लीच लावलं, घासणीनं घासलं, टाचा घासायच्या वजरीनं घासलं. खारू आधी सहन करत होती, मग रडायला लागली.

"आई, दुखतंय! सोड ना! तूच म्हणालीस बुडव म्हणून!"

कातडी लाल झाली. लालच्या आत निळं तसंच होतं.

वहिनींनी भावाला फोन केला. "दादा, मी उद्या सकाळी येतेय. खारूला घेऊन."

"भांडलात की काय? ये गं, विचारतेस काय."

संध्याकाळी नवरा आला. खारूला मांडीवर घेतलं, तिचा निळा हात आपल्या हातात धरला आणि एकेक बोट हलकेच ताणून पाहिलं. त्या रात्री वहिनी लेकीला कुशीत घेऊन, दाराला पाठ लावून बसून राहिल्या. कुणी आलं नाही. कुणाला घाई नव्हती.

सकाळी सगळं रोजच्यासारखं होतं. नवरा आंघोळीला गेला, पाण्याचा आवाज येत होता. सासूबाई देवाचं नाव पुटपुटत बसल्या होत्या. खारू बूट घालत होती. वहिनी कोपऱ्यावर रिक्षा थांबवायला गेल्या. कोपरा म्हणजे पन्नास पावलं. रिक्षा घेऊन त्या परत आल्या तेव्हा बाथरूममध्ये पाणी तसंच वाहत होतं आणि आत कुणी नव्हतं.

"शाळेला उशीर होत होता ना," सासूबाई म्हणाल्या. "घेऊन गेला तो."

दप्तर खुंटीला होतं.

त्याच रिक्षानं वहिनी शाळेत गेल्या. वर्गाच्या बाईंनी हजेरीपट पाहिला. "नाही आली आज. बरं नाहीये का तिला?" वहिनी लिफ्टच्या ऑफिसात गेल्या. तिथला माणूस म्हणाला, तुमचे मिस्टर दोन महिने झाले आलेले नाहीत. आम्हाला वाटलं नोकरी सोडली.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा त्या घरी पोचल्या. पाठोपाठ ते दोघं आले. खारू आइसक्रीम चाटत होती. कांडी उजव्या हातात. ओघळ मनगटावर येत होते आणि लगेच घरंगळून जात होते. हात गोरा होता, स्वच्छ, ब्लीचनं आलेला लाल ओरखडासुद्धा नाही.

"बाबांनी धुतला," ती म्हणाली. "अजिबात दुखलं नाही."

८

वहिनी ओरडल्या नाहीत. त्या जिन्यानं गच्चीवर गेल्या, कारण घरात उभं राहता येत नव्हतं.

गच्चीवर पत्र्याच्या सावलीत लॉजच्या चादरी वाळत होत्या. रंगाचं कापड उन्हात वाळवायचं नसतं, सावलीतच वाळवायचं. सात चादरी ओळीनं, वाऱ्यानं थोड्या फुगलेल्या. खाली फरशीवर थेंबांच्या रांगा सुकून गेल्या होत्या. चादरी परवाच्या. कधीच्या वाळल्या असायला हव्या होत्या. शेवटच्या चादरीखाली मात्र टप, टप, अजून पडत होतं.

त्या तिच्यापाशी गेल्या. चादरीमागे, त्याच दोरीला, आणखी काहीतरी घातलेलं होतं. पातळ आणि अरुंद. वारा आला की ते चादरीला चिकटे आणि सुटे. चादरीच्या कडेबाहेर त्याचं फक्त टोक दिसत होतं. निळं. बोटभर रुंदीची पाच टोकं, रिकामी, आणि प्रत्येकाला नख.

त्यांनी चादर बाजूला केली नाही. हात पुढे गेला होता, पण केली नाही. मोजा असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. त्यांचे मोजे पिवळे होते. तरी मोजाच असेल.

खाली फोन वाजला. सासूबाईंनी उचलला. "दादा का? नाही हो, नाही येत ती आज. तिचं जरा काम राहिलंय." गोड, समजूतदार आवाज.

वहिनी खाली आल्या. जाणार कुठे? पळायचं तर कुणाला घेऊन पळायचं? खुर्चीत बसल्या. खारू आली आणि पायाशी बसली. तिनं आईचा निळा हात मांडीवर घेतला, फ्रॉकचं टोक जिभेनं ओलं केलं आणि एकेक बोट पुसायला लागली. मन लावून, अगदी मायेनं. अंगठा झाला, तर्जनी झाली. करंगळीपर्यंत आली आणि मान वर करून म्हणाली,

"आई, हे असं निघत नाहीये गं. थांब, बाबांना बोलावते."

आतल्या खोलीत दोन खुर्च्या एकदम मागे सरकल्या.